यकृत् विकार, आत्मप्रतिरक्षाजन्य

बाहेरून येणारे सूक्ष्मजंतू व इतर परकी पदार्थ यांपासून शरीराचे रक्षण करणारी प्रतिरक्षा यंत्रणा जेव्हा स्वतःच्याच यकृतातील ऊतकांना (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांच्या म्हणजे पेशींच्या समूहांना) परके समजून त्यांचा नाश करू लागते, तेव्हा उद्भवणाऱ्या चिरकारी (दीर्घकालीन) रोगांच्या गटाला ही संज्ञा देतात. या गटात तीन प्रमुख रोगांचा समावेश होतो : (१) यकृत् कोशिकांवर आघात करणारा आत्मप्रतिरक्षी यकृत्शोथ (यकृताची दाहयुक्त सूज), (२) यकृतातील सूक्ष्म पित्तनलिका हळूहळू नष्ट करणारा प्राथमिक पित्तनलिकाशोथ आणि (३) लहानमोठ्या पित्तवाहिन्या कठीण व अरुंद करणारा प्राथमिक काठिण्यकारी पित्तवाहिनीशोथ. कधीकधी एकाच रुग्णात दोन रोगांची लक्षणे एकत्र आढळतात. हे रोग संसर्गजन्य नाहीत. ते मद्यपानामुळे होत नाहीत आणि एकाच ताटात जेवल्याने अथवा सहवासाने दुसऱ्यास जडत नाहीत.

या तिन्ही रोगांचे फलानुमान (रोगाच्या भावी वाटचालीविषयीचा अंदाज) एकमेकांपासून फार भिन्न आहे. पहिल्या रोगावर प्रभावी औषधे उपलब्ध असून वेळीच निदान झाल्यास रुग्ण जवळजवळ सामान्य आयुष्य जगू शकतो. दुसऱ्याची गती औषधाने बव्हंशी रोखता येते. तिसऱ्यावर मात्र यकृत् प्रतिरोपणाखेरीज निश्चित उपाय सापडलेला नाही. म्हणून ‘यकृताचा आजार’ एवढ्या मोघम निदानावर न थांबता कोणता रोग आहे हे ठरविणे रुग्णाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे असते.

इतिहास : तरुण स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या, रक्तरसातील गॅमा ग्लोब्युलिन या प्रथिनाच्या अतिवाढीबरोबर येणाऱ्या चिरकारी यकृत्शोथाचे वर्णन स्वीडिश वैद्य यान वाल्डेनस्ट्रम यांनी १९५० मध्ये केले. अशा काही रुग्णांच्या रक्तात रक्तिम चर्मक्षय या आत्मप्रतिरक्षाजन्य रोगातील विशिष्ट कोशिका सापडल्यावर ऑस्ट्रेलियातील इअन मकाय व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये या यकृत्शोथाला त्या रोगावरून नाव दिले. पुढे १९६५ मध्ये मकाय यांनीच ‘आत्मप्रतिरक्षी यकृत्शोथ’ ही संज्ञा रूढ केली. त्याच वर्षी लंडनमधील संशोधकांनी पित्तनलिकांच्या रोगात कलकणूंविरुद्धचे (कोशिकेतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या सूक्ष्म घटकांविरुद्धचे) प्रतिपिंड शोधून काढले व त्यामुळे त्या रोगाचे निदान सुकर झाले.

फलानुमानाच्या इतिहासातील निर्णायक टप्पा म्हणजे लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात शीला शेरलॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली नियंत्रित चाचणी होय. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत प्रेडनिसोलोन हे औषध दिलेल्या २२ रुग्णांपैकी ३ दगावले, तर औषध न दिलेल्या २७ पैकी १५ मरण पावले. याच रुग्णांचा पाठपुरावा १९८० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा १० वर्षे जगण्याचे प्रमाण औषध घेतलेल्यांत ६३ टक्के व इतरांत २७ टक्के आढळले. हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. यकृत्शोथ-क व्हायरसाचा शोध १९८९ मध्ये लागला. तत्पूर्वीच्या रुग्णगटांत त्या व्हायरसाचे काही रुग्ण अजाणता मिसळलेले असण्याचा संभव आहे. निदानाचे निकष आंतरराष्ट्रीय तज्ञगटाने १९९३ मध्ये प्रसिद्ध केले, १९९९ मध्ये ते सुधारले आणि २००८ मध्ये त्यांचे सोपे रूप पुढे आले. त्यानंतरची निरीक्षणे अधिक विश्वसनीय व अधिक आशादायक आहेत.

कारणे व विकृती : रोगाचे मूळ कारण अज्ञात आहे. काही आनुवंशिक घटक प्रवृत्ती निर्माण करतात. ऊतक-संयोज्यतेशी निगडित असलेल्या डीआर-३ व डीआर-४ या प्रकारांचा आत्मप्रतिरक्षी यकृत्शोथाशी संबंध आढळला आहे. तथापि हा रोग आईबापांकडून मुलांकडे सरळ जाणारा आनुवंशिक रोग नव्हे. प्रवृत्ती असलेल्या व्यक्तीत एखाद्या व्हायरसाचे संक्रामण किंवा औषध यांचे निमित्त होऊन प्रतिरक्षा यंत्रणेचा स्वकीय-परकीय भेद ओळखण्याचा गुण बिघडतो, असे मानतात. नायट्रोफ्युरँटोइन व मिनोसायक्लीन या औषधांमुळे हुबेहूब असाच यकृत्शोथ उद्भवू शकतो. औषध बंद केल्यावर तो प्रायः कायमचा शमतो. त्यामुळे रुग्णाने पूर्वी घेतलेल्या औषधांची चौकशी हा निदानाचा आवश्यक भाग आहे.

दाह चालू राहिल्यास मृत कोशिकांच्या जागी तंतुमय ऊतक तयार होते. या क्रियेला सूत्रण म्हणतात. सूत्रण सर्वत्र पसरून यकृताची मूळ रचना मोडली व तीत गाठी निर्माण झाल्या म्हणजे त्या अवस्थेला यकृत् सूत्रण रोग म्हणतात. यकृतातून रक्त वाहून जाण्यास अडथळा होऊन आतड्याकडून यकृताकडे येणाऱ्या नीलेतील दाब वाढतो. परिणामी प्लीहा (पाणथरी) मोठी होते, पोटात पाणी साठते (जलोदर) आणि ग्रसिकेतील (घशापासून जठरापर्यंतच्या अन्ननलिकेतील) नीला फुगून त्या फुटल्यास जीवघेणी रक्ताची उलटी होते. फलानुमान मुख्यतः या प्रक्रियेत रुग्ण कोणत्या टप्प्यावर वैद्याकडे येतो यावर अवलंबून असते.

लक्षणे : आत्मप्रतिरक्षी यकृत्शोथ कोणत्याही वयात होतो. रुग्णांपैकी सु. तीन चतुर्थांश वा अधिक स्त्रिया असतात. थकवा, भूक मंदावणे, सांधेदुखी व अधूनमधून कावीळ ही सामान्य लक्षणे होत. तरुण मुलींत मासिक पाळी बंद होणे हे पहिले लक्षण असू शकते. सु. एक चतुर्थांश रुग्णांत रोगाचा आरंभ तीव्र काविळीने होतो, तर प्रौढ रुग्णांपैकी सु. एक तृतीयांशात निदानाच्या वेळीच सूत्रण रोग प्रस्थापित झालेला असतो. म्हणजे कित्येक वर्षे रोग निःशब्दपणे चालू असतो. प्राथमिक पित्तनलिकाशोथ बहुधा चाळिशीनंतरच्या स्त्रियांत आढळतो. कावीळ दिसण्यापूर्वी कित्येक महिने वा वर्षे अंगाला खाज सुटते व ती त्वचारोगाची समजून मलमे लावण्यात काळ जातो. काठिण्यकारी पित्तवाहिनीशोथ पुरुषांत अधिक असून अनेक रुग्णांना व्रणीय बृहदांत्रशोथ (मोठ्या आतड्यात व्रण पडून रक्तमिश्रित जुलाब होणे) असतो.

अवटू ग्रंथीचे विकार, संधिवाताभ संधिशोथ, कोड व इन्शुलिनावर अवलंबून असणारा मधुमेह यांसारखे इतर आत्मप्रतिरक्षाजन्य रोग अशा रुग्णांत वा त्यांच्या जवळच्या नात्यात आढळतात. अशा रुग्णास कावीळ झाल्यास या गटाची शंका आधी घ्यावी लागते.

निदान : रक्तातील यकृत् एंझाइमांची वाढ, इम्युनोग्लोब्युलिन-जी या प्रथिनाची वाढ आणि विशिष्ट प्रतिपिंडांचे अस्तित्व या तीन गोष्टींवरून शंका येते. कोशिकाकेंद्राविरुद्धचे व अरेखित (गुळगुळीत) स्नायूंविरुद्धचे प्रतिपिंड पहिल्या प्रकारच्या यकृत्शोथात आढळतात. यकृत् व वृक्क (मूत्रपिंड) यांतील सूक्ष्म घटकांविरुद्धचे प्रतिपिंड दुसऱ्या प्रकारात आढळतात व तो प्रकार मुलांत अधिक दिसतो. केवळ प्रतिपिंड आढळले म्हणून रोग सिद्ध होत नाही. निरोगी माणसांतही ते अल्प प्रमाणात असू शकतात. याउलट काही रुग्णांत आरंभी ते सापडत नाहीत. व्हायरसजन्य यकृत्शोथ, मद्यपान, औषधे व ताम्रसंचय (विल्सन रोग) ही कारणे वगळून शेवटी सुईने यकृताचा बारीक तुकडा काढून केलेली जीवोतक परीक्षा निर्णायक ठरते. या परीक्षेने निदानाबरोबरच सूत्रण किती झाले आहे हेही समजत असल्यामुळे फलानुमान वर्तविण्यास तिची मोठी मदत होते.

फलानुमान : (अ) आत्मप्रतिरक्षी यकृत्शोथ : उपचार न केल्यास तीव्र स्वरूपाचा रोग अत्यंत घातक असतो. अशा रुग्णांपैकी सु. निम्मे पाच वर्षांच्या आत दगावतात, असे उपचारपूर्व काळातील निरीक्षणांवरून दिसते. उपचार घेणाऱ्यांत १० वर्षे जगण्याचे प्रमाण विशेष केंद्रांतून ९० टक्क्यांच्या आसपास आढळते. निदानाच्या वेळी सूत्रण रोग नसल्यास आयुर्मर्यादा सर्वसामान्य लोकांच्या जवळपास असते. सूत्रण रोग असला तरीही उपचार निष्फळ ठरतो असे नाही. दाह पूर्णपणे शमल्यास कित्येक रुग्णांत तंतुमय ऊतक काही अंशी विरघळते व यकृताचे कार्य अनेक वर्षे टिकून राहते.

फलानुमान प्रतिकूल ठरविणाऱ्या बाबी पुढीलप्रमाणे आहेत : निदानाच्या वेळी असलेला सूत्रण रोग, बाल्यात वा कुमारवयात झालेला आरंभ, सहा महिन्यांच्या उपचारानंतरही एंझाइमे व इम्युनोग्लोब्युलिन-जी प्राकृत पातळीवर न येणे, रोग वारंवार उलटणे, आणि तीव्र आरंभात रक्त गोठण्याची क्रिया बिघडून शुद्ध हरपू लागणे. शेवटच्या प्रकारच्या रुग्णाची रवानगी प्रतिरोपणाची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ करावी लागते. सु. १० ते १५ टक्के रुग्णांत नेहमीच्या औषधांचा अपेक्षित परिणाम होत नाही व त्यांना मायकोफेनोलेट, टॅक्रोलिमस इ. पर्यायी औषधे द्यावी लागतात.

(आ) प्राथमिक पित्तनलिकाशोथ : पूर्वी याला ‘प्राथमिक पित्तजन्य सूत्रण रोग’ म्हणत. बहुसंख्य रुग्णांत निदानाच्या वेळी सूत्रण रोग नसतो, त्यामुळे ते नाव भीतिदायक व चुकीचे असल्याचे मान्य होऊन २०१५ मध्ये ते बदलण्यात आले. अर्सोडिऑक्सिकोलिक अम्ल हे पित्ताम्ल शरीराच्या वजनाच्या दर किग्रॅ.ला १३ ते १५ मिग्रॅ. या मात्रेत दररोज व आयुष्यभर घ्यावे लागते. वर्षभरानंतर अल्कलाइन फॉस्फेटेज व बिलिरुबिन यांच्या पातळ्या समाधानकारक उतरलेल्या रुग्णांची आयुर्मर्यादा सामान्य लोकांच्या जवळपास असते. ज्यांत त्या उतरत नाहीत त्यांना बेझाफायब्रेटासारख्या औषधांची जोड देतात. बिलिरुबिन सतत चढत जाणे हे या रोगातील सर्वांत गंभीर चिन्ह होय. थकवा मात्र औषधाने फारसा कमी होत नाही, याची कल्पना रुग्णाला व कुटुंबीयांना आधीच द्यावी, म्हणजे आळसाचा आरोप टळतो.

(इ) प्राथमिक काठिण्यकारी पित्तवाहिनीशोथ : निदानापासून मृत्यू किंवा प्रतिरोपण येईपर्यंतचा काळ प्रायः १० ते २० वर्षांचा असतो. रोगाची गती थांबविणारे औषध सिद्ध झालेले नाही. पित्तवाहिन्यांच्या अरुंद झालेल्या जागा दुर्बिणीद्वारे रुंद करून काविळीपासून व पित्तमार्गाच्या जंतुसंक्रामणापासून आराम देता येतो. पित्तवाहिन्यांचा कर्करोग व बृहदांत्रशोथ असल्यास मोठ्या आतड्याचा कर्करोग हे दोन मोठे धोके असल्याने ठराविक कालांतराने तपासण्या कराव्या लागतात.

उपचार : आत्मप्रतिरक्षी यकृत्शोथात प्रेडनिसोलोन मोठ्या मात्रेने सुरू करून ते हळूहळू कमी करतात व ॲझाथायोप्रीन या औषधाची जोड देतात. पहिल्या काही आठवड्यांतच कावीळ उतरते, भूक लागते व रुग्णाला बरे वाटू लागते. परंतु बरे वाटणे व रोग शमणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रक्तातील एंझाइमे प्राकृत झाल्यानंतरही यकृतातील दाह शमण्यास आणखी कित्येक महिने लागतात. म्हणून एंझाइमे व इम्युनोग्लोब्युलिन-जी सतत निदान दोन वर्षे प्राकृत राहिल्याखेरीज औषध थांबविण्याचा विचार करीत नाहीत. एवढी काळजी घेऊन थांबविले तरी ५० ते ९० टक्के रुग्णांत रोग उलटतो व तो बहुधा पहिल्या वर्षातच उलटतो. त्यामुळे बऱ्याच रुग्णांना अल्प मात्रेतील औषध आयुष्यभर घ्यावे लागते. प्रत्येक वेळी रोग उलटला की सूत्रण थोडे पुढे सरकते. रुग्णाने स्वतःच्या मनाने औषध बंद करणे हे या रोगातील टाळता येण्याजोग्या मृत्यूंचे एक मुख्य कारण आहे. प्रेडनिसोलोन एकाएकी बंद केल्यास अधिवृक्क ग्रंथींचे कार्य अपुरे पडून वेगळाच धोका संभवतो.

प्रेडनिसोलोनाने चेहरा गोल होणे, वजन वाढणे, मधुमेह, रक्तदाब, मोतीबिंदू व हाडे ठिसूळ होणे हे दुष्परिणाम होतात. त्यांतील चेहऱ्यातील बदल तरुण स्त्रियांना विशेष क्लेशकारक वाटतो व औषध सोडण्याचे तेच कारण ठरते. मात्रा कमी झाल्यावर चेहरा पूर्ववत होतो, हे आरंभीच सांगणे हितावह असते. ॲझाथायोप्रिनाने रक्तातील श्वेत कोशिका घटू शकतात. या औषधाचे विघटन करणाऱ्या एंझाइमांपैकी एकातील आनुवंशिक दोष भारतीय व पूर्व आशियाई लोकांत यूरोपीय लोकांच्या मानाने अधिक आढळतो. म्हणून मात्रा कमी ठेवून सुरुवात करणे व पहिल्या दोन महिन्यांत रक्तकोशिकांची गणना वारंवार करणे आवश्यक असते. उपचार सुरू करण्यापूर्वी क्षयरोग व यकृत्शोथ-ब यांसाठी तपासणी करतात, कारण प्रतिरक्षा दबल्यावर हे सुप्त रोग उफाळून येतात.

गर्भधारणा व विवाह : रोग निदान वर्षभर शमलेला असल्यास गर्भधारणा बहुधा सुखरूप पार पडते. ॲझाथायोप्रीन व प्रेडनिसोलोन गर्भारपणात चालू ठेवता येतात. मायकोफेनोलेटामुळे गर्भात व्यंगे निर्माण होत असल्याने ते गर्भधारणेच्या आधीच बदलावे लागते. बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत रोग उलटण्याचा संभव सर्वांत अधिक असतो. याच काळात स्त्री माहेरी असते, तिचे लक्ष बाळाकडे असते व तिच्या रक्ताची तपासणी राहून जाते. विवाह ठरताना आजार लपविला गेल्यास सासरी उघडपणे गोळ्या घेता येत नाहीत व उपचार खंडित होतो. म्हणून रोग संसर्गजन्य नाही, त्यामुळे वंध्यत्व येतेच असे नाही आणि औषधे चालू असताना संसार करता येतो, या गोष्टी दोन्ही कुटुंबांस वैद्याने समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग समजला पाहिजे.

यकृत् प्रतिरोपण : औषधोपचार अपुरा पडून जलोदर, रक्ताच्या उलट्या, बुद्धिभ्रंश किंवा वाढती कावीळ सुरू झाल्यास प्रतिरोपण हा एकमेव उपाय उरतो. टॉमस स्टार्झल यांनी मानवातील पहिले यकृत् प्रतिरोपण १९६३ मध्ये केले. भारतात मानवी अवयव प्रतिरोपण अधिनियम १९९४ मध्ये संमत झाला व पहिले यशस्वी यकृत् प्रतिरोपण १९९८ मध्ये दिल्ली येथे एका बालकावर झाले. या गटातील रोगांत प्रतिरोपणाचे निष्कर्ष इतर कारणांच्या मानाने चांगले असतात. पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण अनेक केंद्रांत ७५ टक्क्यांहून अधिक आहे. तथापि काही रुग्णांत मूळ रोग नव्या यकृतातही पुन्हा उद्भवतो व प्रतिरक्षा दाबणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील परिस्थिती : कृष्णेच्या खोऱ्यातील या दोन जिल्ह्यांना वैद्यकीय सेवेची दीर्घ परंपरा आहे. विल्यम जेम्स वॉनलेस यांनी मिरजेत सुरू केलेले रुग्णालय १८९४ पासूनचे असून मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ मध्ये व कराडचे कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय १९८४ मध्ये स्थापन झाले. तालुक्याच्या गावी यकृत् एंझाइमांची तपासणी सहज होते व जीवोतक परीक्षा वैद्यकीय महाविद्यालयांत करता येते. प्रतिरोपणासाठी मात्र रुग्णांना प्रायः पुणे वा मुंबई गाठावी लागते. मृत दात्यांच्या अवयवांच्या वाटपाच्या दृष्टीने हे दोन्ही जिल्हे पुण्याच्या विभागीय समन्वय केंद्राच्या कक्षेत येतात.

या भागात निदानास होणाऱ्या विलंबाचे एक कारण म्हणजे कावीळ हा पाण्यातून होणारा साथीचा आजार, हा दृढ समज होय. तो निराधार नाही. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात इचलकरंजी येथे २०१२ मध्ये दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली होती. दूषित पाण्यातून होणारा यकृत्शोथ (अ व ई प्रकार) बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. आत्मप्रतिरक्षी यकृत्शोथातील कावीळही आरंभी अशीच आपोआप उतरू शकते, परंतु आतील दाह चालूच राहतो. अशा वेळी गावठी औषध, नाकात पिळलेला वनस्पतीचा रस किंवा मंत्राने कावीळ ‘उतरविणे’ यांपैकी जे काही केलेले असते त्यास श्रेय मिळते. काही महिन्यांनी कावीळ परतली की पुन्हा तोच उपाय होतो. अशा दोन-तीन आवर्तनांत यकृतात सूत्रण रोग प्रस्थापित झालेला असतो. म्हणून व्यवहारात पुढील नियम उपयुक्त ठरतो : कावीळ उतरल्यावरही तीन महिन्यांनी यकृत् एंझाइमांची तपासणी करावी; आणि कावीळ दुसऱ्यांदा झाली, सहा महिन्यांत एंझाइमे प्राकृत झाली नाहीत किंवा काविळीबरोबर सांधेदुखी, अवटू ग्रंथीचा विकार वा पाळीचा बिघाड असला, तर प्रतिपिंडांची परीक्षा करून घ्यावी.

दुसरी अडचण उपचारातील सातत्याची आहे. माण, खटाव, जत, आटपाडी या अवर्षणप्रवण तालुक्यांतून पोटासाठी स्थलांतर होते. खानापूर-आटपाडी भागातील सोन्याचांदी गाळणारे गलाई व्यावसायिक भारतभर विखुरलेले आहेत, तर जावळी व पाटणकडील अनेक कुटुंबांतील पुरुष मुंबईत माथाडी काम करीत आले आहेत. गाव बदलले की वैद्य बदलतो, जुने कागद मागे राहतात व नव्या ठिकाणी ‘स्टेरॉइड वाईट’ म्हणून औषध एकाएकी बंद केले जाते. अशा रुग्णाने जीवोतक परीक्षेचा अहवाल, प्रतिपिंडांचा अहवाल आणि चालू औषधांच्या मात्रा यांच्या प्रती सदैव जवळ बाळगणे, हा अत्यंत साधा पण आयुष्य वाढविणारा उपाय आहे.

आहार व वनौषधी : आहारात विशेष पथ्य नाही. मद्य पूर्णपणे वर्ज्य करावे. जलोदर असल्यास मीठ कमी करावे. काविळीत प्रथिने बंद करण्याची व केवळ उसाच्या रसावर राहण्याची चाल घातक आहे, कारण सूत्रण रोगात स्नायू झपाट्याने झिजतात. डाळी, दूध, अंडी यांपैकी जे रुचेल ते पुरेसे घ्यावे. हाडांच्या रक्षणासाठी कॅल्शियम व ड जीवनसत्त्व देतात. प्रदीर्घ उपवास व उपवासाच्या दिवशी गोळ्या न घेणे टाळावे.

प्रतिकारशक्ती वाढविण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या औषधांबाबत सावधगिरी बाळगावी लागते, कारण या रोगात प्रतिरक्षा कमी नसून ती भलत्या दिशेने वळलेली असते. कोव्हिड-१९ च्या साथीत गुळवेलीचे काढे घरोघरी घेतले गेले. गुळवेल घेतल्यानंतर आत्मप्रतिरक्षी यकृत्शोथासारखी विकृती झालेल्या ६ रुग्णांची माहिती मुंबईच्या यकृत्तज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यानंतर देशातील अनेक केंद्रांनी मिळून अशाच अधिक रुग्णांची नोंद केली. केंद्रीय आयुष मंत्रालयाने या निष्कर्षांवर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जाती, हे ठरविलेले नाही, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. वाद काहीही असला, तरी ज्याला हा रोग आहे वा ज्याच्या कुटुंबात आत्मप्रतिरक्षाजन्य रोग आहेत त्याने असे काढे यकृत्तज्ञाला विचारल्याखेरीज घेऊ नयेत.

सांगलीची बाजारपेठ हळदीसाठी प्रसिद्ध असून सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. स्वयंपाकातील हळदीने यकृतास अपाय होत नाही आणि काविळीत ती केवळ पिवळी म्हणून वर्ज्य करण्याचेही कारण नाही. मात्र हळदीतील द्रव्याचा संहत अर्क असलेल्या गोळ्यांची गोष्ट वेगळी आहे. काही गोळ्यांत अर्काचे शोषण वाढविण्यासाठी मिरीतील पायपरीन मिसळलेले असते. अमेरिकेत २०२२ मध्ये अशा उत्पादनांमुळे यकृतास इजा झालेल्या १० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ७ जणांत एक विशिष्ट ऊतक-संयोज्यता प्रकार आढळला.

आयुर्वेद : चरकसंहितेत पांडुरोगाच्या संदर्भात कामला (कावीळ) या रोगाचे वर्णन असून ती दीर्घकाळ टिकून जुनाट झाल्यावर होणाऱ्या कुंभकामला या अवस्थेला कष्टसाध्य म्हटले आहे. अल्पकाळात बरी होणारी कावीळ व रेंगाळणारी कावीळ यांत साध्यासाध्यतेच्या दृष्टीने केलेला हा भेद अर्थपूर्ण आहे. आधुनिक परीक्षांनी त्या रेंगाळण्यामागील वेगवेगळी कारणे ओळखता येतात.

दीर्घकालीन देखरेख : रोग शमलेल्या रुग्णाची रक्ततपासणी दर तीन ते सहा महिन्यांनी करतात. सूत्रण रोग असल्यास यकृताच्या कर्करोगाचे निदान लवकर व्हावे म्हणून दर सहा महिन्यांनी श्राव्यातीत ध्वनिचित्रण (सोनोग्राफी) करतात. ग्रसिकेतील नीला फुगल्या आहेत का हे दुर्बिणीने पाहतात. हाडांची घनता, रक्तदाब, रक्तशर्करा व डोळे यांची तपासणी वर्षातून एकदा तरी करावी. यकृत्शोथ-अ व ब आणि इन्फ्ल्यूएंझा यांच्या लशी टोचून घ्याव्यात. जिवंत जंतूंच्या लशी प्रतिरक्षा दाबणारी औषधे चालू असताना देत नाहीत.

या रोगांपैकी आत्मप्रतिरक्षी यकृत्शोथ मुळापासून बरा करण्याचा उपाय नाही. परंतु निदान सूत्रण रोगाच्या आधी झाले, औषध न खंडता घेतले व तपासण्या नियमित झाल्या, तर शेतीची कामे, नोकरी, विवाह व अपत्यसंगोपन या सर्व गोष्टी रुग्णाला शक्य असतात. ज्या रोगात अर्ध्या शतकापूर्वी तरुण रुग्णांपैकी निम्मे काही वर्षांतच दगावत, त्यात आता बहुसंख्य रुग्ण वार्धक्यापर्यंत पोहोचू शकतात. हा फरक घडवून आणणारी मुख्य औषधे जुनी, स्वस्त व तालुक्याच्या गावी मिळणारी आहेत.